वाचता न येणारी परिपत्रके

१ ऑगस्ट २००४ रोजी सोलापूर विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा या जिल्ह्यातील विद्यार्थ्यांचे कोल्हापूरचे हेलपाटे संपले. एकाच जिल्ह्यापुरते कार्यक्षेत्र असलेले आणि २०१९ पासून पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव धारण करणारे हे विद्यापीठ करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंतच्या मुलामुलींच्या घराजवळ आले. पुढे संकेतस्थळे आली आणि केगावच्या आवारापर्यंत जाण्याचे कारणही पुष्कळसे उरले नाही. परीक्षेचा अर्ज, वेळापत्रक, निकाल, शिष्यवृत्तीची मुदत ही सारी माहिती आता पडद्यावर मिळते. ज्याला तो पडदाच दिसत नाही त्याने काय करावे, एवढाच प्रश्न उरतो.

अंध विद्यार्थी संगणक वापरतो, ही गोष्ट अजूनही अनेकांना नवलाची वाटते. वास्तविक त्यात नवल करण्यासारखे काही राहिलेले नाही. पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखविणारी आज्ञावली, जिला स्क्रीन रीडर म्हणतात, ती कित्येक वर्षे उपलब्ध आहे. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन आणि जेम्स तेह या दोन अंध तरुणांनी उभी केलेली ‘एनव्हीडीए’ ही आज्ञावली तर विनामूल्य मिळते, आणि ती मराठीही वाचते. मात्र तिला वाचावयास अक्षरे लागतात. अक्षरांचे छायाचित्र पुढे ठेवले तर ती मुकी होते.

आणि आमच्या शिक्षणसंस्थांतून छायाचित्रेच ठेवली जातात! परिपत्रकाचा प्रवास पाहा. लिपिक ते संगणकावर टंकलिखित करतो. म्हणजे त्या घटकेला ते अंध विद्यार्थ्यालाही वाचता येईल अशा रूपात अस्तित्वात असते. मग ते कागदावर छापले जाते, त्यावर सही होते, शिक्का बसतो, जावक क्रमांक पडतो, आणि तो कागद स्कॅन करून, बहुधा किंचित तिरका, संकेतस्थळावर चढविला जातो. जे होते ते पुसून टाकण्यासाठी एवढे श्रम! सहीचा मान राखण्यापायी सूचनेचा मूळ हेतूच हरवतो. सहीची प्रत दप्तरी ठेवून तिच्याशेजारी मूळ मजकुराची प्रत प्रसिद्ध करण्यास कोणती अडचण आहे, हे आम्हांस समजत नाही. अंकीय स्वाक्षरीची सोयही आता आहेच.

मराठीच्या बाबतीत आणखी एक गोम आहे. जुन्या धाटणीच्या अक्षरसंचांत मराठी अक्षराचा केवळ आकार असतो. आत साठविलेले असते ते रोमन अक्षर. डोळस वाचकास तेथे शुद्ध मराठी दिसते, स्क्रीन रीडर मात्र निरर्थक रोमन अक्षरांचा गडबडगुंडा ऐकवितो. युनिकोडमध्ये टंकलेखन केले की हा दोष उरत नाही. तरीही सवयीमुळे अनेक कार्यालये जुना अक्षरसंच सोडीत नाहीत. शिवाय पानाची भाषा मराठी आहे हे यंत्राला सांगून ठेवावे लागते. वेळापत्रकाच्या तक्त्यातील शीर्षकाची ओळ शीर्षक म्हणून नोंदवावी लागते. अन्यथा ऐकणाऱ्यास तारखा आणि विषय यांची मोळी तेवढी मिळते, कोणता पेपर कोणत्या दिवशी हे कळत नाही. ‘आपण यंत्र नाही हे सिद्ध करा’ असे म्हणून वेडीवाकडी अक्षरे ओळखावयास लावणारी चौकट तर अंधाला दारातच अडविते.

संकेतस्थळाच्या कोपऱ्यात अक्षरे लहानमोठी करणारे बटण बसविले की कर्तव्य संपले, अशी एक समजूत रूढ आहे. अधू दृष्टीच्या वाचकास त्याचा थोडाबहुत उपयोग होतो, हे खरे. पण स्कॅन केलेल्या पानात त्या बटणाने एक अक्षरही उमटत नाही. फळ्यावर लिहिताना मोठ्याने वाचून दाखविणारा शिक्षक या बटणापेक्षा अधिक जाणता म्हटला पाहिजे.

कायद्याची बाजू आता संदिग्ध राहिलेली नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याच्या कलम ४२ अन्वये श्राव्य, मुद्रित व इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील माहिती सुगम स्वरूपात मिळावी ही शासनाची जबाबदारी ठरते. त्याच कायद्याच्या कलम ३२ ने शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्यांसाठी राखल्या आहेत. जागा राखावयाची आणि तिच्या प्रवेशाची सूचना मात्र छायाचित्रात द्यावयाची, हा विसंवाद विलक्षण आहे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुडी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सुगमतेचे निकष केवळ शिफारशीवजा ठेवणे कायद्याशी विसंगत ठरविले आणि किमान बंधनकारक नियम करण्याचा आदेश केंद्राला दिला. ३० एप्रिल २०२५ रोजी त्याच न्यायालयाने अंकीय सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग मानला. विद्यापीठ अनुदान आयोगाची सुगमतेविषयीची मार्गदर्शक तत्त्वे तर २०२२ पासून आहेत.

परंतु हे काम न्यायालयाच्या निकालाने वा ठेकेदाराच्या निविदेने पुरे होणार नाही. संगणक विभागाकडे जे येते तेच तो संकेतस्थळावर चढवितो. दोष शिरतो तो परीक्षा विभागाच्या, पात्रता विभागाच्या, महाविद्यालयांच्या टेबलावर. मागावर तुटलेला धागा तिथल्या तिथे जोडतात. चादर विणून झाल्यावर तो शोधीत बसणे परवडत नाही, हे सोलापुरात कुणाला सांगावयास नको. मजकूर टंकलिखित करणाऱ्यास युनिकोड, शीर्षके आणि तक्ते यांचे थोडे शिक्षण द्यावे, आणि मजकुराच्या प्रतीवाचून आलेली सूचना संगणक विभागाने परत करावी. एका जिल्ह्याच्या विद्यापीठाला हे जमू नये, असे मानण्यास आम्ही तयार नाही.

जुनी हजारो पाने आधी सुधारावी लागतील, ही सबब कोणी पुढे करील. ती पाने तूर्त राहू द्यावीत. मागणी येईल तसतशी ती बदलता येतील. आरंभ येत्या सत्राच्या वेळापत्रकापासून, परीक्षा अर्जापासून आणि शिष्यवृत्तीच्या सूचनांपासून करावा. ती प्रसिद्ध करण्यापूर्वी एखाद्या अंध विद्यार्थ्याकडून स्क्रीन रीडरवर तपासून घ्यावीत, आणि त्या कामाचे मानधन त्याला द्यावे.