८ लाख डॉलर घ्या आणि पिक्चर जाळून टाका! काय होता ‘सिटिझन केन’चा राडा?

१९४१ सालची गोष्ट. आरकेओ या हॉलिवूड स्टुडिओच्या अध्यक्षांना एक ऑफर आली. साधारण ८ लाख डॉलर घ्या आणि तुमच्या नव्या पिक्चरची निगेटिव्ह जाळून टाका. पिक्चर तर अजून थिएटरला लागलाही नव्हता! ऑफरमागे होते एमजीएमचे लुई मेयर आणि वाद होता विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यांच्यावरून.

हर्स्ट म्हणजे अमेरिकेतलं पेपरवाल्यांचं सगळ्यात मोठं नाव. देशभर वर्तमानपत्रं, कॅलिफोर्नियात डोंगरावर महाल. राजकारणात मात्र न्यूयॉर्कच्या गव्हर्नरपदाची निवडणूक हरलेले.

आता पिक्चरमधला चार्ल्स फॉस्टर केन बघा. सामान्य माणसाची बाजू घेईन, असं तो पेपरच्या पहिल्या पानावर छापतो. पुढे तोच कागद स्वतःच्या हातानं फाडतो. गव्हर्नरपदाला उभा राहतो, प्रेमप्रकरण बाहेर येतं, पडतो. त्या रात्री त्याच्या पेपरात दोन हेडलाइन तयार असतात: ‘केन विजयी’ आणि ‘मतदानात घोटाळा’. छापली जाते दुसरी. (हा सीन ८० वर्षांपूर्वीचा आहे, परत सांगतो.) शेवटी तो अवाढव्य महालात एकटाच मरतो.

आपल्यावरच पिक्चर काढलाय म्हटल्यावर हर्स्ट यांच्या पेपरांनी परीक्षण, जाहिरात, सगळं बंद केलं. मोठ्या थिएटरवाल्यांनी हात वर केले. पिक्चर तोट्यात गेला. ऑस्करची ९ नामांकनं, पण मिळालं एकच, पटकथेचं. दिग्दर्शक, हिरो आणि सहलेखक ऑर्सन वेल्स तेव्हा जेमतेम पंचविशीत होता. पुढे १९६२ ते २००२ अशी ४० वर्षं ‘साइट अँड साउंड’च्या समीक्षकांच्या यादीत हाच पिक्चर पहिला राहिला.

पण सगळ्यात मोठा फटका बसला तो मॅरियन डेव्हिस यांना. केन आपल्या बायकोला जबरदस्तीनं ऑपेराच्या स्टेजवर उभं करतो, तिला गाता येत नाही. डेव्हिस हर्स्ट यांच्या जोडीदार. लोकांनी धरून चाललं की त्याही अशाच असणार. खरं तर त्या विनोदी भूमिकांत तयारीच्या अभिनेत्री होत्या. त्यांच्या निधनानंतर, १९७५ मध्ये आलेल्या त्यांच्या आठवणींच्या पुस्तकाला वेल्सनं प्रस्तावना लिहिली. ती बायको म्हणजे डेव्हिस नव्हेत, असं त्यानं त्यात स्पष्ट केलं.