‘सावकारी पाश’ : कागद आणि शेत

पौराणिक आणि ऐतिहासिक कथांनी पडदा व्यापलेला असताना १९२५ साली कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने ‘सावकारी पाश’ हा मूकपट काढला. कथा नारायण हरी आपटे यांची, दिग्दर्शन बाबूराव पेंटर यांचे. जमीन सावकाराच्या घशात गेल्यावर शहराची वाट धरून गिरणी कामगार होणाऱ्या तरुण शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली होती. १९३६ साली पेंटरांनी हीच कथा बोलपटाच्या रूपाने पुन्हा सादर केली.

सावकार दुष्ट, म्हणून शेत गेले, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. हा पाश विणला जाई तो कागदाचा. रयतवारी पद्धतीत सारा रोख आणि ठरल्या मुदतीत भरावा लागे. पाऊस मात्र मुदत पाळीत नसे. मग कर्ज, कर्जावर व्याज, ते मुद्दलात मिळवून नवे खत आणि त्याखाली अंगठा. खतातील मजकूर लिहिणाऱ्यालाच ठाऊक. दिवाणी न्यायालय पाही ते बहुधा अंगठा कोणाचा, एवढेच. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी उठले, तेव्हा त्यांचा मुख्य रोख सावकारांच्या दप्तरांवर होता, यातच सारे आले. १८७९ च्या कायद्याने न्यायालयाला खतामागचा मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला. तरीही शेचाळीस वर्षांनंतर हा विषय पडद्यावर आणावासा वाटला.

बिमल रॉय यांच्या ‘दो बिघा जमीन’ (१९५३) या चित्रपटात प्रांत बंगालचा आहे, सावकाराच्या जागी जमीनदार आहे. निरक्षर शंभूच्या हिशेबी ६५ रुपये असलेले देणे कागदावर २३५ होते, आणि ते फेडण्यासाठी तो कलकत्त्यात रिक्षा ओढू लागतो. मुलूख वेगळा, कागदाची करणी तीच.

मूकपटाच्या काळी पडद्यावरील अक्षरे न वाचता येणाऱ्यांसाठी शेजारचा साक्षर प्रेक्षक ती मोठ्याने वाचून दाखवी. चित्रगृहात असा शेजारी लाभे. सावकाराच्या ओसरीवर तो कोठून मिळावा? शाळेच्या व्यासपीठावरून या चित्रपटाचे स्मरण करण्याचे औचित्य येथेच आहे. शेतकऱ्याच्या मुलाच्या हाती पाटी आली, तर तो नोकरीला लागेल, असे आपण सहज म्हणतो. बापाने अंगठा उठविण्यापूर्वी तो कागद वाचून दाखवील, हे त्या पाटीचे त्याहून जुने आणि निकडीचे काम होय.