परदेशची वीज आणि प्रवासाची पेटी

ज्या घरचें कोणी ना कोणी परदेशीं नाहीं, असें घर मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली या उपनगरांतून आज विरळाच आढळेल. लेकीच्या अथवा सुनेच्या बाळंतपणासाठीं सहा महिने अमेरिकेस जाणाऱ्या आजीबाई हा आतां कौतुकाचा विषय राहिलेला नाहीं. मेतकूट, भाजणी, डिंकाचे लाडू यांची यादी महिनाभर आधीं तयार होते. परंतु त्याच पेटींत जाणाऱ्या विजेच्या उपकरणांचा विचार निघण्याच्या आदल्या रात्रीं होतो, आणि तोही 'तिकडे पिना निराळ्या असतात म्हणे' एवढ्यावरच संपतो. हा विचार अपुरा आहे, इतकेंच नव्हे, तर प्रसंगीं धोक्याचाही आहे, हें आम्हांस आमच्याच घरीं कळून आलें.

अमेरिकेहून आलेल्या एका आप्तानें आजीच्या गुडघ्यांसाठीं विजेवर तापणारें शेकण्याचें पॅड मोठ्या प्रेमानें आणलें होतें. त्याच्या चपट्या पिना आमच्या सॉकेटांत जाईनात, म्हणून आम्हीं बाजारांतून एक अडॅप्टर आणला. पिना घट्ट बसल्या, म्हणून सर्व ठीक झालें असें आम्हीं मानलें. थोड्याच वेळांत जळकट वास आला आणि कापडावर तपकिरी डाग उमटला. आजी त्या वेळीं देवघरांत होती म्हणून निभावलें. तें पॅड गुडघ्याखालीं घेऊन तिचा डोळा लागला असता तर काय झालें असतें, हा विचार आजही आमच्या मनांतून जात नाहीं. चूक आणणाऱ्याची नव्हती. आमच्या अज्ञानाची होती.

प्लगचा आकार आणि विजेचा दाब या दोन अगदीं स्वतंत्र गोष्टी आहेत. साधा अडॅप्टर केवळ आकार जुळवितो. दाबास तो हात लावीत नाहीं. आपल्याकडे घरांतील वीज २३० व्होल्ट दाबाची व सेकंदास ५० आवर्तनांची असते. अमेरिकेंत ती १२० व्होल्टची व ६० आवर्तनांची. इंग्लंड, जर्मनी, सिंगापूर, दुबई, ऑस्ट्रेलिया येथें दाब बहुतांशीं आपल्यासारखाच, पिनांचा आकार तेवढा वेगळा. जपानांत दाब १०० व्होल्ट. शिवाय पूर्वभागांत ५० आवर्तनें व पश्चिमभागांत ६०, कारण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तोकियोनें जर्मन व ओसाकानें अमेरिकन जनित्रें घेतलीं, आणि तो भेद आजतागायत मिटलेला नाहीं.

आतां उष्णतेचा हिशेब पाहा. तापणाऱ्या तारेवरील दाब दुप्पट झाला, तर उष्णता दुप्पट नव्हे, चौपट होते. म्हणून १२० व्होल्टांचें पॅड २३० व्होल्टांवर लावतांच उष्णता साडेतीनपटींहून अधिक झाली. उलट आपली इस्त्री अमेरिकेंत नेल्यास ती जेमतेम चतुर्थांश तापेल. तिच्यानें सुती साडीची एक घडीही मोडणार नाहीं.

मग मोबाइलचा चार्जर दोन्ही देशांत कसा चालतो? तो आलेल्या विजेस प्रथम एकाच दिशेनें वाहावयास लावतो, नंतर सेकंदास हजारों वेळां ती चालू-बंद करून लहानशा ट्रान्स्फॉर्मरमधून नेतो, आणि बाहेर पडणाऱ्या दाबावर सतत लक्ष ठेवून चालू राहण्याचा काळ कमी-अधिक करतो. आंत १०० येवोत वा २४०, बाहेर बॅटरीस हवा तेवढाच दाब मिळतो.

उपनगरवासीयांस याचा दाखला दूर शोधावयास नको. आपल्या लोकलगाड्या १९२५ सालापासून १५०० व्होल्टांच्या एकदिश विजेवर धांवत होत्या. बोरिवलीपर्यंत ही वीज १९२८ सालीं पोहोंचली. पुढें २५,००० व्होल्टांची प्रत्यावर्ती वीज आणण्याचें काम टप्प्याटप्प्यानें झालें, तें पश्चिम रेल्वेवर २०१२ सालीं व मध्य रेल्वेवर २०१६ सालीं पुरें झालें. मधल्या काळांत दोन्ही विजांवर चालणाऱ्या गाड्या मुद्दाम बांधाव्या लागल्या. दोन विजांच्या सीमेवर दिवे-पंखे क्षणभर बंद पडत व पुन्हां सुरू होत. प्रवाशाच्या हातांतील वर्तमानपत्र मात्र खालीं येत नसे. पण जुन्या एकदिश गाडीस ती सीमा ओलांडतां येत नव्हती. चार्जर हा दोन्ही विजांच्या गाडीसारखा. आपला मिक्सर जुन्या गाडीसारखा.

हा भेद ओळखण्यास विद्वत्ता लागत नाहीं. प्रत्येक उपकरणाच्या पाठीवर बारीक अक्षरांत 'इनपुट' या शब्दापुढें दाब छापलेला असतो. तेथें '१००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ' असें असेल, तर केवळ पिनांचा अडॅप्टर पुरतो. मोबाइल, लॅपटॉप, कॅमेरा यांचे चार्जर बहुधा असेच असतात. तेथें एकटाच '२३० व्होल्ट' असेल, तर तें उपकरण अमेरिकेस नेऊं नये. मिक्सरसाठीं दाब वाढविणारा ट्रान्स्फॉर्मर मिळतो. परंतु तो मिक्सरच्या वॅटांहून बऱ्याच अधिक क्षमतेचा लागतो व वजनास भारी असतो. त्यापेक्षां तिकडच्या दाबासाठीं बनविलेला मिक्सर तिकडेच घेणें शहाणपणाचें.

सर्वांत अधिक काळजी औषधोपचाराच्या यंत्रांची घ्यावी. दम्याच्या रुग्णाचा नेब्युलायझर २३० व्होल्टांपुरताच असेल, तर १२० व्होल्टांवर त्याचा पंप पुरेशा जोरानें चालणार नाहीं, आणि हें कळेल तें ऐन मध्यरात्रीं, दम लागलेला असतांना. असें यंत्र दोन्ही दाबांवर अथवा बॅटरीवर चालणारें आहे कीं नाहीं, हें निघण्यापूर्वीं पाहावें. नसेल तर डॉक्टरांस विचारून दुसरी सोय आधींच करून ठेवावी.

आमच्या घरीं आतां असा प्रघात पडला आहे, कीं पेटी भरण्यापूर्वीं सर्व उपकरणें सतरंजीवर मांडावयाचीं आणि नातवंडांनीं भिंग घेऊन एकेकाची पाठ मोठ्यानें वाचावयाची. तिकडून आलेल्या भेटवस्तूंसही हाच नियम लागू आहे. परवां एक केस वाळविण्याचें यंत्र आलें. धाकट्या नातीनें '१२० व्होल्ट' असें वाचतांच आजी म्हणाली, "तें कपाटांतच ठेवा, गुडघ्यांवर निभावलें, आतां केसांची परीक्षा नको!"