पाण्यामागून चालणारी माणसे

बीड जिल्ह्यात मच्छीमार राहतात असे सांगितले की मुंबईचे मित्र हसतात. बीड म्हणजे दुष्काळ आणि उसाचा कोयता, एवढेच त्यांना ठाऊक. म्हणून आम्ही उन्हाळ्यात माजलगावच्या धरणकाठी दोन दिवस राहून आलो.

सिंदफणेवरचे हे धरण 1987 सालचे. पैठणच्या नाथसागराचा उजवा कालवा 132 किलोमीटर चालून इथेच रिकामा होतो. शिवारे बुडाली ते लोक काठावर सरकले. पाणी आले तसे भोई जाळी घेऊन आले. भोई म्हणजे भटक्या जमातींच्या यादीतला समाज. एके काळी यांच्याच खांद्यावर वतनदारांच्या पालख्या चालत.

पहाटे थर्माकोलच्या तराफ्यावर बसून, फळीचे वल्हे करून माणसे जाळी काढायला निघतात. अंगात जाकीट का नाही, असे आम्ही एका म्हाताऱ्याला विचारले. तो म्हणाला, "साहेब, जाकिटाला पैसे आसते तर आधी होडी नसती का घेतली?" आम्हीच ओशाळलो. कटला, रोहू, मरळ काठावरच तोलून जाते. राज्यात जलाशयाचा ठेका मच्छीमारांच्या सहकारी संस्थांना मिळतो खरा. पण मत्स्यबीज सोडायला भांडवल लागते, आणि ज्याचे भांडवल त्याचा भाव. जाळे ओढणारा सभासद अंगठ्यापुरता!

पाणी मागे हटले की गाळ उघडा पडतो. हीच गाळपेर. त्यात कुणी टरबूज लावतो, कुणी चारा. 2018 च्या दुष्काळात सरकारने चाऱ्यासाठी अशी जमीन 1 रुपया नाममात्र भाड्याने दिली, एरवी ती हंगामापुरती भाडेपट्ट्याने मिळते. सातबारा कधीच नाही. गायरान कसणाऱ्या आपल्या बांधवांना निदान 14 एप्रिल 1990 ही तारीख तरी मिळाली. तिच्यासाठी मराठवाड्याने मार खाल्ला आहे. गाळपेर कसणाऱ्याला कोणतीच तारीख नाही. जमीनच दरसाल पाण्याखाली जाते, मग कब्जा दाखवायचा कुठे?

"औंदा पेरलं तिथं फुडल्या साली मासं आसत्यात," एक बाई म्हणाली. आणि पाणीच आले नाही तर? 2016 च्या उन्हाळ्यात धरण मृतसाठ्यात गेले होते. मासे नाहीत, आणि नुसत्या गाळावर विहिरीवाचून काय पिकणार? त्या साली तिच्या घरचे चौघे कोयत्यावर गेले.

यंदा धरणात पाणी आहे. तरी तिच्या थोरल्याने मुकादमाकडून उचल घेतली आहे.