जडत्वबद्ध अणुसंमीलनाचे पर्यायी चालक

जडत्वबद्ध अणुसंमीलन म्हणजे ड्यूटेरियम व ट्रिटियम या हायड्रोजनच्या समस्थानिकांनी भरलेली इवलीशी गोळी चहूबाजूंनी अतिवेगाने दाबून, ती विखुरण्यापूर्वीच तिच्यातील अणुकेंद्रकांचे संमीलन घडवून आणणे. येथे इंधनास धरून ठेवणारी भिंत नसते. त्याचे स्वतःचे जडत्वच त्यास क्षणभर एकत्र ठेवते. गोळीस ऊर्जा पुरवणाऱ्या यंत्रणेस ‘चालक’ म्हणतात. आजवर चालक म्हणून प्रामुख्याने लेसर वापरला गेला. आयन व इलेक्ट्रॉन यांच्या शलाका आणि स्पंदित विद्युतप्रवाह हे त्याचे मुख्य पर्याय होत.

पर्यायांची आवश्यकता

अमेरिकेतील नॅशनल इग्निशन फॅसिलिटी येथे ५ डिसेंबर २०२२ रोजी १९२ लेसर शलाकांनी २.०५ मेगाज्यूल ऊर्जा लक्ष्यावर टाकली व संमीलनातून ३.१५ मेगाज्यूल मिळाली. मात्र लेसर चालवण्यासाठी सुमारे ३०० मेगाज्यूल वीज खर्ची पडली होती. शंभर रुपये वेचून जेमतेम एक रुपया हाती यावा, असा हा व्यवहार आहे. शिवाय वीजकेंद्रासाठी असे स्फोट दर सेकंदास अनेकदा घडवावे लागतील; काचेवर आधारलेल्या या प्रचंड लेसरला दोन स्फोटांच्या मध्ये थंड होण्यास तासन्‌तास लागतात. म्हणून विजेचा मोठा हिस्सा लक्ष्यापर्यंत पोहोचवणारा आणि वारंवार चालणारा चालक शोधणे हा या क्षेत्रातील कळीचा प्रश्न आहे.

कागदावर सर्वांत आकर्षक पर्याय जड आयनांचा. कणत्वरके वर्षानुवर्षे अखंड चालतात, त्यांची कार्यक्षमता २० ते ३० टक्क्यांपर्यंत नेता येईल असा अंदाज आहे आणि शलाका केंद्रित करणारे चुंबक स्फोटापासून दूर ठेवता येतात. अडचण अशी की, समान भाराचे आयन परस्परांना दूर लोटतात. त्यांचा प्रचंड प्रवाह काही मिलिमीटरच्या ठिपक्यावर आणणे कठीण ठरते. त्यातच असे त्वरक लहान प्रमाणावर उभारून पाहता येत नाही, त्यामुळे पहिलाच प्रयोग अफाट खर्चाचा होतो.

इलेक्ट्रॉन शलाका त्यामानाने स्वस्त. १९७० च्या दशकात अमेरिकेतील सँडिया प्रयोगशाळेत व सोव्हिएत संघात तिचा पाठपुरावा झाला. परंतु हलके इलेक्ट्रॉन गोळीच्या आत खोलवर शिरून इंधन वेळेआधीच तापवतात, आणि तापलेले इंधन दबण्यास विरोध करते. सँडियाने मग हलक्या आयनांकडे व पुढे १९९६ मध्ये ‘झेड’ यंत्राकडे मोर्चा वळवला. त्यात बारीक तारांच्या पिंजऱ्यातून कोट्यवधी अँपिअरचा प्रवाह क्षणार्धात सोडतात; प्रवाहाचेच चुंबकीय क्षेत्र वायुरूप झालेल्या तारांना आत चिरडते व त्यातून तीव्र क्ष-किरण निघतात.

महाराष्ट्रातील संशोधन

जिनिव्हा येथील १९५५ च्या परिषदेत अध्यक्षपदावरून होमी भाभा यांनी दोन दशकांत नियंत्रित संमीलनाची रीत सापडेल, असे भाकीत केले होते. ती मुदत १९७५ मध्येच उलटली. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात विकसित झालेली ‘काली’, म्हणजे किलो अँपिअर लिनिअर इंजेक्टर, ही यंत्रमालिका स्पंदित विद्युतशक्तीच्या याच कुळातील आहे. साठवलेली वीज सेकंदाच्या दशलक्षांशाहूनही कमी काळात इलेक्ट्रॉन शलाकेत ओतणे हे तिचे काम. वृत्तपत्रांनी तिला क्षेपणास्त्रे पाडणारे अस्त्र ठरवले असले, तरी तिचा उपयोग मुख्यतः क्ष-किरण व सूक्ष्मतरंग निर्मितीसाठी झाला आहे.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील कार्य ‘शीघ्र प्रज्वलन’ या कल्पनेशी निगडित आहे. तीत इंधन एका चालकाने दाबायचे आणि अतिलघू लेसर स्पंदाने उत्पन्न झालेल्या इलेक्ट्रॉनांच्या झोताने पेटवायचे. दाबण्याच्या कामी अपुरे पडलेले इलेक्ट्रॉन येथे काडीचे काम करतात. अडथळा हा की, घन पदार्थातून जाताना हा झोत फुटून विखुरतो. जी. रवींद्र कुमार व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, एका दिशेने मांडलेल्या कार्बन नॅनोनलिकांमधून असा झोत सुमारे एक मिलिमीटर अंतर न विखुरता गेल्याचे आढळले.