कार्यानुभव : इथले आणि परदेशातून आलेले

परभणी : वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ, स्थापना १८ मे १९७२. कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी ‘रावे’साठी (ग्रामीण कृषी कार्यानुभव) गावात उतरतात. गावासाठी ते कृषिदूत आणि कृषिकन्या. कामे : माती परीक्षण, बीजप्रक्रियेची प्रात्यक्षिके.

जामखेड (जि. अहिल्यानगर) : डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये सुरू केलेला ग्रामीण आरोग्य प्रकल्प. इथे परदेशी विद्यार्थीही इंटर्नशिपला येतात.

शिकवतं कोण? : गावातल्याच आरोग्य सेविका. सुरुवातीच्या काळात त्यांतल्या अनेकींना लिहिता-वाचताही येत नव्हतं.

धडा : पिण्याचं पाणी, झाडं, पाणलोट, बाळंतपण हे विषय वेगळे नाहीत.

गौरव : आरोळे दाम्पत्याला १९७९ चा रेमन मॅगसेसे पुरस्कार.