ट्रकची महागडी अलॉय चाकं: पैसे वसूल होतात का?

ट्रकवाल्यांच्या रील्स तुमच्याही फीडमध्ये येत असतील. धुऊन-पुसून उभी केलेली दहा टायरची गाडी, मागे गाणं आणि कॅमेरा सरळ चाकावर. चाक असं चकाकतंय की त्यात रस्ता दिसतो. खाली कमेंटमध्ये एकच प्रश्न असतो: "भाऊ, सेट कितीला बसला?" दुसरा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारत नाही. हे पैसे परत येतात का?

नंदुरबार जिल्ह्यात कळसाडीला माझा मावसभाऊ आहे. दहा टायरच्या गाडीचे हप्ते अजून चालू आहेत आणि त्याला सहा महिन्यांपासून या चाकांचं वेड लागलंय. "दादा, तू इंजिनिअर, तूच सांग, डिझेल वाचतं ना?" असा त्याचा मेसेज आला. मी सॉफ्टवेअरवाला, गाडीखाली कधी शिरलेलो नाही. पण हिशोबाला गाडीखाली शिरावं लागत नाही. गूगल शीट्स पुरतं.

आधी धातूचं बघू. आपल्याकडे ट्रकला नेहमी स्टीलची डिस्क येते. साडेबावीस इंची ट्यूबलेस टायरची स्टील डिस्क साधारण ३५ ते ४० किलोची असते. त्याच मापाचं घडीव म्हणजे फोर्ज्ड ॲल्युमिनियमचं चाक २२ ते २५ किलोत बसतं. ॲल्युमिनियमची घनता स्टीलच्या साधारण एक तृतीयांश आहे, तरी चाक एक तृतीयांश वजनाचं होत नाही, कारण तेवढीच ताकद यायला ते जाड करावं लागतं. म्हणून एका चाकामागे १४ किलो वाचले असं धरू. दहा चाकांचे १४० किलो.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत अल्कोआ कंपनीने ट्रकसाठी घडीव ॲल्युमिनियमचं चाक १९४८ मध्येच आणलं. तिथे मोठ्या ट्रकचं मालासकट वजन ८०,००० पौंड, म्हणजे साधारण ३६ टनांवर अडवलेलं आहे. गाडी जितकी हलकी तितका माल जास्त, आणि जास्त मालाचे पैसे मिळतात. ही चाकं परवडतात ती या कारणाने. चकाकी वरकड आहे.

आता आपलं गणित. भारतात २०१८ च्या बदलानंतर तीन ॲक्सलच्या दहा टायरी गाडीला मालासकट साडेअठ्ठावीस टनांची मर्यादा आहे. १४० किलो म्हणजे त्याचा अर्धा टक्का. एवढंच. 'डिझेल वाचतं' म्हणणारे हा आकडा सांगत नाहीत.

डिझेलचाच हिशोब करून टाकू. गाडी वर्षाला ६०,००० किलोमीटर चालते आणि लिटरला चार देते असं धरलं तर १५,००० लिटर लागतात. अर्धा टक्का म्हणजे ७५ लिटर. ९० रुपयांनी पावणेसात हजार होतात, आणि हीसुद्धा वरची मर्यादा समजा, कारण डिझेल फक्त वजन ओढायला जात नाही, समोरची हवा कापायलाही जातं. चाक फिरतं, त्यामुळे वेग घेताना त्याचं वजन थोडं जास्त भोवतं, हे खरं आहे. पण तो फरक शहरातल्या थांब-चालीत कळेल. हायवेला एकदा वेग धरला की तो उरत नाही.

आणि इथे एक गोम आहे. वाचलेले १४० किलो तुम्ही मालाने भरले, तर गाडीचं एकूण वजन पूर्वीइतकंच झालं, म्हणजे त्या खेपेला डिझेल वाचलं नाही. न भरले तर डिझेल वाचेल, पण जादा भाडं नाही. दुकानदार दोन्ही फायदे एकाच कागदावर लिहून देतो. एका खेपेला त्यातला एकच मिळतो.

मग भाड्याचं काय? शीटमध्ये मी एकच सूत्र टाकलं: चाकांचा जादा खर्च भागिले (वाचलेलं वजन टनात × टनामागचं भाडं × वर्षातल्या पूर्ण भरलेल्या खेपा). उत्तर वर्षांत येतं. खालचे भाव नमुन्याचे आहेत, तुमच्या भागातले टाकून बघा.

स्टीलपेक्षा एका चाकाला २०,००० रुपये जास्त, म्हणजे दहा चाकांना दोन लाख. भाऊ हंगामात पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्याला ऊस टाकतो. अंतर कमी, म्हणून भाडंही कमी. टनाला ३०० रुपये आणि हंगामात २४० खेपा धरल्या, तर ०.१४ × ३०० × २४०, म्हणजे १०,०८० रुपये. दोन लाख फिटायला जवळजवळ वीस वर्षं! कर्जाचं व्याज यात धरलेलं नाही. शिवाय उसाची गाडी किती काटेकोर भरली जाते हे शेजारून जाणाऱ्या प्रत्येकाला दिसतं. जिथे मोळ्या टपापर्यंत रचतात तिथे १४० किलोंचा विचार कोण करतो?

हंगाम संपला की शहाद्याकडची पपई, केळी घेऊन उत्तरेकडे जायचं. तिथे गाडीचं भाडं ठोक ठरतं. चाकं हलकी आहेत म्हणून व्यापारी एक रुपया जास्त देणार नाही. आणि नंदुरबारच्या पथारीवर वाळलेली मिरची भरली, तर वजनाच्या आधी जागा संपते. तिथे हलक्या चाकाचा उपयोग शून्य.

परवडण्याच्या जवळ कोण येतं? टँकर आणि सिमेंटचे बल्कर. माल जड, भाडं टनावर, वजन काट्यावर मोजून आणि पल्ला लांब. टनाला १,२०० रुपये आणि वर्षाला १२० खेपा धरा. साधारण २०,००० रुपये सुटतात, म्हणजे दहा वर्षं. चांगलं घडीव चाक तेवढं टिकतं, गंजत नाही, आणि भंगारातही स्टीलपेक्षा बराच भाव देतं. तरीसुद्धा हा निर्णय जेमतेम काठावरचाच. चाकांमधला किमतीचा फरक निम्मा झाला तर मी टँकरवाल्याला 'घे' म्हणेन.

ॲल्युमिनियम उष्णता लवकर वाहून नेतं, स्टीलच्या तिपटीने तरी. चांदसैलीसारखा घाट उतरताना ड्रम तापतात तेव्हा याची थोडी मदत होते. पण घाट गिअरमध्ये उतरायचा असतो. चाकाच्या भरवशावर कोणी उतरू नये.

पिकअपवाल्या मित्रांसाठी हा भाग वेगळा आणि जास्त गंभीर आहे. तिथे बहुतेक वेळा घडीव नाही, ओतीव चाक विकलं जातं, आणि कधी कधी ते सरळ कारचंच असतं. प्रत्येक चांगल्या अलॉयवर आतल्या बाजूला 'मॅक्स लोड' असा आकडा कोरलेला असतो. तो टॉर्च लावून वाचा. कारच्या चाकावर ६००-७०० किलोच्या आसपासचा आकडा नेहमी दिसतो. तुमच्या मागच्या ॲक्सलवर दोन टन येत असतील, तर एका चाकाला हजार किलो झेलायचे आहेत. स्टील जास्त भाराने वाकतं, ओतीव ॲल्युमिनियमला तडा जातो. वाकलेलं चाक डगमगून आधी कळवतं तरी. तडा गेलेलं चाक वेल्डिंग करून पुन्हा चढवू नका, मग वेल्डर कितीही ओळखीचा असो.

चाक बाहेर काढून रुंद दिसण्याचा हट्टही सोडा. भार बेअरिंगपासून लांब जातो आणि बेअरिंग लवकर बसतं. मूळ मापाबाहेर गेलात तर अपघातानंतर विम्याच्या दाव्यात त्यावर बोट ठेवलं जाऊ शकतं.

फोन हातात आहेच, तर दुकानातच 'बीआयएस केअर' ॲप उघडा. अलॉय चाकांसाठी आयएस १६१९२ हे भारतीय मानक आहे. चाकावर आयएसआय खूण आणि परवाना क्रमांक असेल तर तो ॲपमध्ये टाका. परवाना कोणाच्या नावावर आहे आणि चालू आहे का, ते तिथेच दिसतं. नुसत्या स्टिकरवर विश्वास ठेवू नका.

भावाला मी सांगितलं, हौस असेल तर पुढची दोन चाकं घे. हौसेला मोल नसतं, फक्त तिला गुंतवणूक म्हणू नकोस. उरलेल्या पैशातून चांगला प्रेशर गेज घे आणि अलाइनमेंट करून घे. हवा कमी असली की टायर दर फेऱ्याला जास्त दबतो, रबर तापतं आणि डिझेल त्या उष्णतेत जातं. फोनवर प्रेशर दाखवणारे टीपीएमएस सेन्सरही मिळतात. मागच्या जोडचाकात आतला टायर बसला तरी बाहेरून कळत नाही, तिथे ते खास उपयोगी.

त्याने पुढची दोनच घेतली. बसवताना बोल्टची लांबी आधी मोजायला लावली, कारण ॲल्युमिनियमची डिस्क स्टीलच्या जवळजवळ दुप्पट जाड असते आणि जुन्या बोल्टवर नटाचे पुरेसे आटे बसत नाहीत. पहिल्या ५० ते १०० किलोमीटरनंतर गाडी थांबवून सगळे नट कंपनीने दिलेल्या टॉर्कला पुन्हा आवळायचे असतात. हे काम पान्यावर उभं राहून होत नाही, त्याला टॉर्क रेंच लागतो.